भडगावचा मोकळा बँड

डिजिटल रेडिओची बातमी वाचून खानदेशातल्या माणसाने हुरळून जायचं कारण नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या शिफारशी केल्या, त्यात सुरुवात तेरा शहरांपासून करायची आहे. त्यातली महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली तीन: मुंबई, पुणे आणि नागपूर. जळगाव नाही, धुळे नाही, आणि भडगावचं नाव तर कुठल्या यादीत असायचं कारणच नाही. खाजगी एफएमच्या धोरणात एक लाखाहून कमी वस्तीच्या गावाचा सहसा विचार होत नाही. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा आपल्या बाजूचं नंदुरबार आणि शेजारचं मालेगाव त्यात आलं. भडगावचा गिरणाकाठ तेव्हाही कोरडाच राहिला.

आता भडगावात पाचोरा रस्त्याला उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या बोलेरोत किंवा इंडिकात डोकावून बघा. सिगारेट लायटरच्या सॉकेटात अंगठ्याएवढं एक काळं यंत्र खोचलेलं असतं. त्यावर लाल-निळ्या आकड्यांत ८७.५ किंवा ८८.१ असं काहीतरी चमकत असतं. पोटात मेमरी कार्ड, बाजूला पेन ड्राइव्हची खाच, वर मोबाईल चार्ज करायची सोय. चावी फिरवली की एक अनोळखी बाई इंग्रजीत सांगते, ब्लूटूथ जोडायला तयार आहे. मग ड्रायव्हर टेपवर तोच आकडा लावतो आणि खिशातल्या मोबाईलमधलं गाणं गाडीच्या चारही स्पीकरांतून वाजायला लागतं. मोबाईल शॉपीत हा कारभार तीन-चारशे रुपयांपासून मिळतो. दुकानदार त्याला एफएम मॉड्युलेटर म्हणतो, कुणी ट्रान्समीटर म्हणतं, बहुतेक लोक नुसतं ‘ब्लूटूथ’ म्हणतात.

म्हणजे डिजिटल संगीत इथल्या गाडीच्या रेडिओवर ट्रायच्या कितीतरी आधी पोचलं आहे. आणि माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: हे यंत्र मुंबई-पुण्यापेक्षा भडगावात जास्त चांगलं चालतं. कारण सरकारने इथे रेडिओ आणला नाही.

हे यंत्र म्हणजे एक चिमुकलं रेडिओ केंद्रच. मोबाईलकडून ब्लूटूथने आलेले आकडे ते ध्वनीच्या लहरीत बदलतं आणि ती लहर ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या तुम्ही निवडलेल्या जागेवर बसवून हवेत सोडतं. गाडीच्या रेडिओला काय ठाऊक, ही लहर जळगावहून आली की गिअरच्या दांड्याशेजारून! त्याला केंद्र मिळालं, तो वाजवतो.

खरा प्रश्न ताकदीचा. ब्रिटनमध्ये अशा यंत्राला कमाल ५० नॅनोवॅट शक्तीची मुभा आहे. नॅनोवॅट म्हणजे एका वॅटचा शंभर कोटीवा भाग. समोर १० किलोवॅटचं एखादं एफएम केंद्र धरलं, तर ते या यंत्राच्या वीस हजार कोटी पट ताकदवान. यंत्राची बाजू राखतं ते अंतर. अंतर दुप्पट झालं की ताकद चौपट घटते. यंत्र रेडिओपासून मीटरभर, केंद्र मैलोगणती दूर. पण तुम्ही जळगावात शिरलात आणि मनोरा तीन किलोमीटरवर आला, तर हिशेब केंद्राच्या बाजूने बावीस हजार पट झुकतो. तिथे त्याच आकड्यावर यंत्र लावणाऱ्याची गाणी गेलीच म्हणून समजा.

भडगाव जळगावपासून साठेक किलोमीटरवर. धुळ्याचं केंद्रही जवळ नाही. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, पृथ्वीची गोलाई आणि मधले उंचवटे त्यांना आडवे येतात. म्हणून इथे बँडवर सुई फिरवली तर बहुतेक ठिकाणी नुसती खरखर. ही खरखर म्हणजेच रिकामी जागा. ज्याला एफएमचे कार्यक्रम ऐकायचे त्याला ती त्रासाची, ज्याला आपलं यंत्र लावायचं त्याला सोन्यासारखी. मुंबईत खाजगी वाहिन्या ०.८ मेगाहर्ट्झच्या अंतराने मांडलेल्या, ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५ अशा. मधूनमधून आकाशवाणी आणि कम्युनिटी रेडिओ. तिथे दादरला मोकळा सापडलेला आकडा ठाण्याला मोकळा राहील याची खात्री नाही.

राष्ट्रीय महामार्ग ७५३-जे वरून, म्हणजे चाळीसगाव-भडगाव-पाचोरा-जळगाव रस्त्याने, हे आपल्या कानांनी तपासता येतं. भडगावला जवळजवळ कुठलाही आकडा लावा, चालतो. पाचोरा मागे पडला की कुठे कुठे गाण्याच्या मागून दुसरंच कुणीतरी बोलू लागतं. जळगाव जवळ आलं की एखाद्या वळणावर तुमचं गाणं साफ गायब होतं आणि तिथे सिमेंटची जाहिरात सुरू होते. पुढच्या वळणावर पुन्हा गाणं. दोन्ही आवाज एकमेकांत फार थोडा वेळ कालवले जातात. एक तर हे, नाही तर ते.

या ‘एक तर हे, नाही तर ते’च्या मागे एका माणसाची कर्मकथा आहे, आणि विषयांतर झालं तरी ती मी सांगणार आहे. एडविन आर्मस्ट्राँग, न्यूयॉर्कचा इंजिनिअर. त्याच्या काळचा रेडिओ म्हणजे मध्यमलहरीचा: आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त करायची. अडचण अशी की विजेचा कडकडाट, मोटारीच्या प्लगची ठिणगी हेही उंचीच कमी-जास्त करतात, म्हणून खरखर. सगळे इंजिनिअर म्हणत, वाहिनीची रुंदी कमी करा, खरखर कमी आत येईल. आर्मस्ट्राँगने उलटं केलं. उंची कायम ठेवून त्याने आवाजाप्रमाणे लहरीची वारंवारिता हलवली, आणि तीही भरपूर जागा घेऊन. १९३३ मध्ये त्याला पेटंटं मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दिलं. दूर यॉन्कर्सहून एका मित्राच्या केंद्रातून पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज पाठवला. लोकांना पाणी ऐकू आलं, खरखर नाही.

त्याच्या या पद्धतीचा एक गुण असा की, एकाच आकड्यावर दोन लहरी आल्या तर रेडिओ जोरकस लहर पकडतो आणि दुबळीला जवळजवळ दाबून टाकतो. मध्यमलहरीवर दोन केंद्रं एकमेकांत मिसळून कलकलाट होतो, इथे होत नाही. भडगावच्या बोलेरोतलं यंत्र चालतं ते याच गुणावर आणि जळगावात हरतं तेही याच गुणामुळे. एवढंच कशाला, गाडीच्या टेपमधलं केंद्र पकडणारं सर्किट ज्या सुपरहेटरोडाईन तत्त्वावर चालतं, तेही आर्मस्ट्राँगचंच, १९१८ चं. म्हणजे सॉकेटातल्या यंत्रात तो आणि डॅशबोर्डातल्या टेपमध्येही तोच.

त्याला मिळालं काय? आरसीए या बलाढ्य कंपनीचा प्रमुख डेव्हिड सारनॉफ एकेकाळचा त्याचा मित्र, पुढे तोच कोर्टातला प्रतिस्पर्धी झाला. १९४५ मध्ये अमेरिकन सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८-१०८ वर नेला. लोकांनी घेतलेले सगळे एफएम सेट एका फटक्यात निकामी. आज आपल्या यंत्रावर जे आकडे चमकतात, तो हाच पट्टा. आर्मस्ट्राँगने त्याला जीव तोडून विरोध केला होता. खटल्यांत पैसा आणि उमेद दोन्ही संपली आणि १९५४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्याची पत्नी मॅरियन मात्र लढत राहिली आणि एकेक खटला जिंकत गेली. शेवटची कंपनी १९६७ मध्ये हरली. ती कंपनी होती मोटोरोला, जिने गाडीतल्या रेडिओवरच नाव कमावलं होतं.

कायद्याचं म्हणाल तर काही देशांत अशा यंत्रांकडे सरकारं आधी संशयाने पाहत आली. ब्रिटनमध्ये आयपॉडसाठीची अशी यंत्रं वापरणं ८ डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होतं. आपल्याकडचा किस्सा त्याच वर्षीचा, आणि त्याहून भारी. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावात राघव महतो नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा तरुण पन्नासेक रुपयांत ट्रान्समीटर बनवून गावासाठी एफएम केंद्र चालवत होता. गाणी, गावच्या बातम्या, हरवल्या-सापडल्याच्या सूचना. वीस किलोमीटरपर्यंत लोक ऐकायचे. जगभर बातमी झाली आणि २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते बंद पाडण्यात आलं. त्याचं आणि सॉकेटातल्या यंत्राचं तत्त्व एकच. फरक एवढाच की राघवचं शेजाऱ्यालाही ऐकू जात होतं.

बरं, आवाज कसा? खरं सांगायचं तर बरा. गाणं आधी ब्लूटूथसाठी दाबलं जातं, मग एफएमच्या १५ किलोहर्ट्झच्या मर्यादेत बसवलं जातं. त्यामुळे ३२० केबीपीएसचं गाणं भरण्याचा अट्टहास फुकट. ज्यांच्या टेपला ऑक्सची खाच आहे, त्यांनी सरळ वायर लावावी, या यंत्राच्या नादाला लागू नये. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. मोबाईलचा आवाज वर ठेवा आणि टेपचा बेताचा. मोबाईल बारीक ठेवून टेप मोठा केला की फक्त खरखर मोठी होते. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, स्वस्त यंत्रं त्यापुढचं बऱ्याचदा वाचत नाहीत. गाणी नावाच्या क्रमाने वाजतील अशी अपेक्षा ठेवू नका, बहुतेक यंत्रं कार्डात ज्या क्रमाने टाकली त्याच क्रमाने वाजवतात. आणि शेजारी अगदीच स्वस्तातला दुसरा चार्जर लावू नका, त्याची विजेची कुरबुर थेट एफएमवर उमटते. गाडी बंद केल्यावरही सॉकेट चालू राहत असेल तर यंत्र उपसून ठेवा. आणि हो, आकडा बदलायचा तो गाडी थांबवून.

आता मुद्द्याचं: वाजतं काय? वरात असो की केळीचा ट्रक, अहिराणी. ‘बबल्या इकस केसावर फुगे’, ‘हाई झुमकावाली पोर’ यांना यूट्यूबवर कोट्यवधी दर्शक मिळाले. त्यांच्यासारखी शेकडो गाणी खानदेशात तयार होतात, मोबाईलवर चालतात आणि मागच्या सीटवरून ‘गानं लाव ना भो’ झालं की या यंत्रातून गाडीभर होतात. आमच्या भागातल्या खाजगी एफएमने अहिराणीला दिवसाचे किती तास दिले, हे ऐकणाऱ्याला सांगायला नको. तिथे मुंबईत चालणारीच हिंदी गाणी. अहिराणीचा खरा प्रसार झाला तो मोबाईल, मेमरी कार्ड आणि तीनशे रुपयांच्या या यंत्रातून. हे माझं मत आहे, पण चाळीसगाव ते भुसावळ कुठल्याही काळी-पिवळीत बसून ते पडताळता येईल.

आकाशवाणी जळगावची गोष्ट वेगळी. ९६३ किलोहर्ट्झवर इथल्या दोन पिढ्यांनी शेतीचे सल्ले आणि बहिणाबाई ऐकल्या. पण नव्या गाड्यांच्या कित्येक टेपमध्ये मध्यमलहर उरलेलीच नाही. मग आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवरून मोबाईलमध्ये, मोबाईलमधून ब्लूटूथने यंत्रात, यंत्रातून एफएमवर आणि तिथून टेपमध्ये असा प्रवास करून आकाशवाणी गाडीत येते. रेडिओचा रेडिओपर्यंतचा हा द्राविडी प्राणायाम आहे. नेटवर्क गेलं की तोही तुटतो.

ट्रायच्या शिफारशीत एकाच फ्रिक्वेन्सीवर जुन्या पद्धतीची एक आणि डिजिटलच्या तीन वाहिन्या, शिवाय डेटासाठी एक, अशी मांडणी आहे. त्यासाठी हवेत जागा लागते. ती मुंबईत शोधत बसावी लागेल. गिरणेच्या खोऱ्यात ती पडून आहे, आणि ती मोकळी आहे याचा पुरावा प्रत्येक बोलेरोच्या सॉकेटात लावलेला आहे. तीन वाहिन्यांतली एक अहिराणीची, एक शेतीची, एक आकाशवाणी जळगावची, एवढं इथे सहज बसेल. तेरा मोठ्या शहरांपासून सुरुवात करणं हे जाहिरातदारांच्या सोयीचं आहे, लहरींच्या शास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चौदावं नाव घालायचं ठरवलं, तर ते जळगाव असावं आणि त्याचा एक मनोरा भडगावकडे उभा करावा. तोवर तीनशे रुपयांचं यंत्र घ्यायला हरकत नाही. फक्त जळगावात शिरण्याआधी आकडा बदलून ठेवा.