पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. आता जर्मनी-आयर्लंडला निघण्याआधी काय करायचे?

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून पोर्तुगीज पासपोर्टवर कामाला जाणाऱ्या गोमंतकीयांची वाट बदलली आहे. पूर्वी पासपोर्ट हातात पडला की स्विंडन किंवा साऊथॉल गाठायचे, ओळखीच्या घरी उतरायचे आणि कामाला लागायचे, असा शिरस्ता होता. १ जानेवारी २०२१ पासून तो संपला. नव्याने जाणाऱ्याला आता तिथे कामासाठी व्हिसा लागतो. आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स अशा संघातील देशांत मात्र हा पासपोर्ट अजूनही चालतो. फक्त तिथे सगळीकडे आपली माणसे नाहीत आणि आयर्लंड सोडले तर इंग्रजीवर फार दिवस भागत नाही. त्यामुळे तयारी घरूनच करून निघावे लागते.

आधी इथला हिशेब मिटवा

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला आहे. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व जाते. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट वापरणे किंवा मतदान करणे अंगाशी येऊ शकते. पासपोर्ट रीतसर परत करून त्याचा दाखला घ्यावा. पुढे ओसीआय कार्ड काढताना तो मागितला जातो. ओसीआय असले तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येणारी जमीन ही वेगळी गोष्ट. घरात जमिनीचे काही व्यवहार अर्धवट असतील, तर वकिलाशी बोलूनच पुढचे पाऊल टाकलेले बरे.

पासपोर्टने काय मिळते, काय नाही

संघातील दुसऱ्या देशात पहिले तीन महिने राहायला कसलीही अट नाही. त्यापुढे नोकरी, व्यवसाय किंवा स्वतःच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. नोकरी शोधणाऱ्याला साधारण सहा महिने मिळतात, पण त्या काळात सरकारी मदतीवर विसंबून राहता येत नाही. सलग पाच वर्षे कायदेशीर राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो.

पासपोर्ट युरोपीय झाला म्हणून डिग्री युरोपीय होत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गोव्यात किंवा बेळगावात नर्सिंग केलेल्या मुलीला जर्मनीत आधी पदवीची मान्यता घ्यावी लागते आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते. तोवर नर्स म्हणून काम करता येत नाही. गोदाम, हॉटेल, साफसफाई अशा कामांना ही अट नाही. मग बरेच जण तिथे लागतात आणि तिथेच राहतात. म्हणून मान्यतेचा अर्ज आणि भाषेचा क्लास इथूनच सुरू करावा.

फाईलमध्ये काय हवे

जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शिक्षणाची आणि अनुभवाची प्रमाणपत्रे सोबत ठेवावीत. भारतीय कागदांवर त्या-त्या देशाच्या नियमाप्रमाणे अपोस्टिल शिक्का आणि अधिकृत भाषांतर लागू शकते. नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे आधी तपासावे. पोर्तुगीज कागदावर एक आणि डिग्रीवर दुसरे नाव असेल, तर तिकडे गेल्यावर निस्तरणे महागात पडते.

पोचल्यावरचे पहिले दिवस

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. ते देत नसेल, अशी खोली घेऊ नये. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल, तर पोचल्यापासून पाच दिवसांत पालिकेत नोंद करायची असते. आयर्लंडमध्ये पीपीएस नंबर घेऊन कर खात्याकडे नोकरीची नोंद झाली नसेल, तर पगारातून जास्त दराने कर कापला जातो.

जर्मनीत घराची अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. त्यात पहिला पगार हातात यायला महिना जातो. तेवढे पैसे गाठीशी हवेतच. आजारपणाचेही तसेच. युरोपीय आरोग्य कार्ड पासपोर्टवर नाही, तर तिथल्या विम्यावर मिळते. गोव्यातून थेट जाणाऱ्याकडे ते नसते, म्हणून नोकरीचा विमा सुरू होईपर्यंत प्रवास विमा घ्यावा.

बायको-मुले भारतीय पासपोर्टवर असतील तर

त्यांनाही सोबत राहण्याचा आणि जोडीदाराला काम करण्याचा हक्क आहे. प्रवेशाचा व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यावा, असा संघाचा नियम आहे. मात्र हा नियम पोर्तुगाल सोडून संघातील इतर देशांत राहणाऱ्यांसाठी आहे. पोर्तुगालमध्येच राहायचे असेल तर तिथला स्वतंत्र कायदा लागू होतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही.

आणि शेवटचे एजंटबद्दल. मूळ पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नये. तासाचा पगार, कामाचे तास आणि खोलीच्या भाड्याची कपात करारात लिहिलेली नसेल, तर तिकीट काढू नये. युरोपीय संघाचे 'यूरेस' हे नोकऱ्यांचे संकेतस्थळ उमेदवारांसाठी फुकट आहे. एजंटला लाख मोजण्याआधी ते एकदा उघडून पाहावे.