शेवटचा अंक कसब्यात सुरू होतो

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला संभाजी महाराजांवरचं नाटक परकं होऊन बघता येत नाही. रंगमंचावर कुणी 'संगमेश्वर' म्हणालं, की पुण्या-नाशिकच्या प्रेक्षकाला इतिहास ऐकू येतो. इथल्याला मुंबई-गोवा महामार्गावरचा एसटीचा थांबा आठवतो. कसबा, शास्त्री नदी, कर्णेश्वराचं देऊळ, आत सह्याद्रीच्या कुशीत शृंगारपूर ही सगळी सोयरिकीची, बाजारहाटाची गावं. १ फेब्रुवारी १६८९ रोजी औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान याने घाट उतरून महाराजांना आणि त्यांचा विश्वासू सल्लागार कवी कलश याला पकडलं ते कसब्यात. प्रयोग कुठल्याही शहरात लागो, त्या नाटकाचा शेवटचा अंक इथून सुरू होतो.

त्या अंकात महाराजांचा जो छळ आणि वध होतो तो बघताना प्रेक्षक काय करतो, हा या लेखाचा विषय आहे. रडतो हे खरं, पण ते उत्तर फार सोपं झालं.

आधी कागद बघू. 'मासिर-ए-आलमगिरी' लिहिणारा साकी मुस्तैदखान, खाफीखान, भीमसेन सक्सेना, ईश्वरदास नागर या मोगलांकडच्या चौघांनी छळाबद्दल जे लिहिलं ते एकत्र केलं तरी दोन-चार पानांत मावेल. पेडगावच्या बहादूरगडावर धिंड, उंटाची स्वारी, डोक्यावर घुंगरू लावलेली विदूषकी लाकडी टोपी, मग डोळे काढले. खाफीखान जिभेचाही उल्लेख करतो. ११ मार्चला भीमेच्या काठी वध. तिथी फाल्गुन अमावास्या, दुसऱ्या दिवशी पाडवा. जेधे शकावली तर एवढंही बोलत नाही. तिचं काम तिथी नोंदवण्याचं, ते ती करते. लोकांच्या तोंडी मात्र 'चाळीस दिवस' बसले आहेत. पकडल्यापासून वधापर्यंत मोजले तर अडतीस भरतात, आणि बहादूरगडाला पोचायलाच निम्मा फेब्रुवारी गेला होता. हा हिशेब मांडला की काही जणांना राग येतो, जणू दिवस कमी केले म्हणजे यातना कमी केल्या. दोन-चार पानांचा मजकूर रंगभूमीवर येताना तासाभराचा होतो. तो वाढीव भाग कागदातून येत नाही, प्रेक्षकाच्या गरजेतून येतो.

ही गरज आजच्यासारखीच कायम होती असंही नाही. औंधकरांच्या 'बेबंदशाही'चं नावच सगळं सांगतं. गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' विलासात बुडालेला आणि मग पश्चात्तापाने पोळलेला राजा दाखवतं. त्या काळच्या प्रेक्षकाने शेवटी डोळे पुसले असतील तर ते चुकलेल्या माणसाने मरणाने सगळं फेडलं म्हणून. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं आणि बखरींनी रंगवलेलं चित्र कागदपत्रांपुढे टिकेना. नाशिकच्या प्रा. वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि १९६८ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू' लिहिलं. आता अश्रूंचं कारण बदललं. फेड करणारा राजा गेला आणि अन्याय सोसणारा राजा आला. तेव्हापासून शेवटचा अंक मोठा होत गेला, असं मला वाटतं. ज्याने पाप केलं त्याचे हाल थोडक्यात आटपता येतात. निरपराध्याचे हाल प्रेक्षक पुरते बघायला मागतो.

'राजसंन्यास'ला तर प्रतिक्रिया मिळाली ती लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठ्याण्णव वर्षांनी. त्यातल्या संभाजींच्या चित्रणावरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकला गेला. ते नाटक त्या सुमारास किती लोकांनी रंगमंचावर पाहिलं असेल? प्रयोग न बघताच प्रेक्षक होण्याची सोय आपल्याकडे जुनी आहे.

'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये संभाजी होते डॉ. काशिनाथ घाणेकर आणि औरंगजेब प्रभाकर पणशीकर. घाणेकर आपल्या चिपळूणचे, पेशाने दंतवैद्य. मराठी रंगभूमीवर शिट्ट्या घेणारा नट म्हणून त्यांचं नाव झालं. 'अश्रूंची झाली फुले'मधल्या लाल्याने थिएटर डोक्यावर घेतलं होतं. तोच नट आता साखळदंडात उभा. ज्याच्या एन्ट्रीला शिट्टी मारायची, त्याच्या शेवटाला गप्प कसं व्हायचं, हा पेच त्या पिढीच्या प्रेक्षकापुढे होता. समोर पणशीकर असल्यामुळे तो थोडा सुटत असावा. तोलामोलाचा औरंगजेब उभा असला की अंक छळाचा उरत नाही, दोन माणसांच्या झुंजीचा होतो. आणि नावातच कानेटकरांनी निकाल देऊन ठेवलाय: ओशाळतो तो मृत्यू. प्रेक्षक हरलेला घरी जात नाही.

शिवाय रंगमंचाची एक मर्यादा अशा वेळी कामाला येते. तिथे डोळे काढता येत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, राज्यनाश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात असं सांगितलं. भासाने 'ऊरुभंगा'त हा नियम मोडला, पण मोडायला आधी नियम होता. तापल्या सळया कुणीतरी येऊन सांगतो, किंवा अंधार होतो. बाकीचं प्रेक्षक स्वतः करतो, आणि तो स्वतःला सोसवेल एवढंच करतो.

आपल्याकडचा प्रेक्षक लांबीला घाबरणारा नव्हेच. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी बसवलेलं ऐतिहासिक नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नमन या कोकणी लोकनाट्यात संकासूर, रावण अंगावर येतात, पोरं किंचाळतात, आणि तरी मुखवट्यामागे कुठल्या वाडीतला कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. औरंगजेबाची दाढी गळून पडली तर मांडव हसतो, आणि घटकाभराने त्याच मांडवात पदर डोळ्यांना लागतात. या दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत होऊ शकतात, हे मला या रंगभूमीचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. डॉ. अमोल कोल्हे यांच्या 'शिवपुत्र संभाजी' महानाट्याने हाच विषय मोकळ्या मैदानात, घोड्यांसकट नेला. मैदानात प्रेक्षक एकटा उरत नाही, जमाव होतो. हुंदक्याची जागा घोषणा घेते.

मग १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' आला. तो चित्रपट आहे, नाटक नव्हे, पण फरक कळण्यासाठी त्याच्याकडे बघावंच लागतं. कॅमेऱ्याला भरताची बंदी नाही. सांगायला येणारा कुणी नाही. सळई आहे, कातडी आहे, मीठ आहे. लोक हमसून रडत बाहेर पडले, चित्रपटगृहात उभं राहून घोषणा दिल्या. गुजरातेत भरूचला एकाने पडदाच फाडला. तो नशेत असल्याचं सांगितलं गेलं. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, तेव्हा 'छावा'मुळे लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले. दंगल एका चित्रपटाने होत नाही. तिला माणसं, अफवा आणि आधीची तयारी लागते. पण सगळं दाखवून संपल्यावर प्रेक्षकाच्या हातात करायला काहीच ठेवलं नाही, तर तो काहीतरी शोधतो एवढं खरं.

अथेन्सला हे फार आधी कळलं होतं. इराण्यांनी मिलेटस शहर इ. स. पूर्व ४९४ मध्ये उद्ध्वस्त केलं. त्यावर फ्रिनिकस या नाटककाराने लगेच नाटक लिहिलं. हेरोडोटस सांगतो, की सगळं प्रेक्षागृह रडलं आणि अथेन्सकरांनी नाटककाराला हजार द्राक्मांचा दंड करून नाटकावर कायमची बंदी घातली. कारण दिलं ते असं, की त्याने त्यांना घरच्या दुःखाची आठवण करून दिली. जर्मन नाटककार पीटर वाइस याने १९६५ मध्ये आउशविट्झच्या खटल्यावर लिहिताना उलटा रस्ता धरला. अकरा सर्गांचं ते दीर्घ नाटक फक्त साक्षी-जबान्यांचं आहे. छळछावणीचं एकही दृश्य नाही. माणसं उभी राहून बोलतात. १९ ऑक्टोबरला ते दोन्ही जर्मनींतल्या अनेक नाट्यगृहांत एकाच दिवशी सुरू झालं. गुन्हेगारांचे देशबंधूच प्रेक्षागृहात बसलेले असताना रडून मोकळं होण्याची वाट त्याने बंद केली होती.

घरचं दुःख म्हणजे काय, ते कसब्याच्या आसपास वेगळं सांगावं लागत नाही. महाराणी येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक. १६८८ च्या अखेरीस कवी कलश आणि शिर्के यांच्यात झगडा झाला, कलश खेळण्यावर म्हणजे विशाळगडावर गेला आणि महाराज स्वतः शिर्क्यांवर चालून आले, असं जेधे शकावली नोंदवते. फितुरीचं बोट गणोजी शिर्क्यांकडे वळतं ते या वैरामुळे. फितुरी नेमकी कुणाची यावर मात्र इतिहासकारांचं एकमत नाही. रंगभूमीला मतभेद परवडत नाही, तिला नाव लागतं. 'छावा'नंतर शिर्के वंशजांनी आक्षेप घेतला, अब्रूनुकसानीच्या दाव्याची भाषा झाली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली आणि चित्रपटात फक्त गणोजी-कान्होजी एवढीच नावं घेतली, आडनाव वा गाव घेतलं नाही, असं सांगितलं. बाहेरगावी हे चाललं असेल. संगमेश्वर तालुक्यात गणोजी म्हटल्यावर आडनाव कुणी विचारत नाही. शिर्के आडनावाचं शाळकरी पोर मित्रांबरोबर तो खेळ बघून घरी येताना काय ऐकतं, या प्रतिक्रियेची मोजदाद कुठल्याच गल्ल्यावर होत नाही.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने संगमेश्वरला महाराजांचं स्मारक जाहीर केलं. स्मारक म्हटलं की पाठोपाठ ध्वनिप्रकाशाचा खेळ येतोच, आणि पुन्हा तोच प्रश्न: काय दाखवायचं? बहादूरगड आणि वधाचं ठिकाण मानलं जाणारं तुळापूर इथून लांब आहेत. तिथलं तिथे दाखवू द्यावं. कसब्यात घडली ती चकमक. त्यात संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे महाराजांसाठी लढत पडले. खेळ लिहायला घेणाऱ्याने म्हाळोजींपासून सुरुवात करावी, कैद होताच दिवे लावावेत आणि लोकांना शास्त्रीच्या काठाने चालत जाऊ द्यावं.