अमृतांजन पूल : एक नाव आणि एक सन

खंडाळ्याच्या घाटातील अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडलेला असताना, नियंत्रित सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याचे दगडी खांब मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या ऐन रुंदीत येत असल्याने तेथे वाहनांची नित्य कोंडी होत असे. त्या प्रसंगी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत दोन विधाने वारंवार आढळतात : हा पूल १८३० साली बांधला गेला, आणि तो रेल्वेचा पूल होता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नाही.

१८३० च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग खुला झाला. बोरघाटात त्याच वर्षी नोव्हेंबरात सर जॉन माल्कम यांच्या हस्ते जे खुले झाले, तो गाडीरस्ता होता. मुंबई–ठाणे आगगाडी १८५३ साली धावली. खंडाळा–पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला तेव्हाही घाट मध्येच उरला होता व प्रवाशांना तो पालखीतून किंवा तट्टावरून चढावा लागे. घाटातील लोहमार्ग १८६३ च्या एप्रिलमध्ये पुरा झाला. तेव्हा रस्त्याचा सन शेजारच्या पुलाला चिकटला, असाच निष्कर्ष काढावा लागतो. जनस्मृतीत अशी सरमिसळ नवी नाही; परंतु छापील मजकुरात एकदा शिरलेला सन पुढे स्वतःच पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागतो, हे अधिक चिंतेचे आहे.

प्रश्न केवळ तेहेतीस वर्षांच्या फरकाचा नाही. १८३० मान्य केले की कर्तृत्व रस्ता बांधणाऱ्यांकडे जाते, आणि घाटाचा लोहमार्ग ज्यांनी उभारला ते विस्मृतीत जातात. १८६१ मध्ये या कामावर सुमारे ४२,००० मजूर होते. पटकीने व अपघातांनी त्यांतील कित्येक दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला, आणि ठेका त्याची पत्नी अॅलिस हिने तडीस नेला. ही हकीकत घाटातून जाणाऱ्या फारच थोड्यांस ठाऊक असते.

पूल त्या जागी का होता, हे समजण्यासाठी सोडून दिलेल्या मार्गाची रचना ध्यानात घ्यावयास हवी. सुमारे पंचवीस किलोमीटरांत हा मार्ग १,८३१ फूट चढत असे. कमाल चढ सदतिसास एक. (फुटांचा हा आकडा सनाशी जवळजवळ जुळतो, हा निव्वळ योगायोग होय.) माथ्यानजीक गाडी वळविण्याइतकी जागा नसल्याने डोंगराच्या एका चिंचोळ्या सोंडेवर ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ करण्यात आले. वर येणारी गाडी तेथे थांबे, इंजिन एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि मग तीच गाडी उलट दिशेने उरलेला चढ चढे. पूल या मार्गाचा होता. विद्युतीकरणाबरोबर १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग सरळ करण्यात आला; थांबा आणि पूल दोन्ही निरुपयोगी झाले. पुढची नव्वद वर्षे पूल उभा राहिला तो पाडण्याचे कारण नव्हते म्हणून.

सनाइतकेच नावही तपासण्याजोगे आहे. ‘अमृतांजन’ हे नाव बांधणाऱ्यांनी दिलेले नाही. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईत सुरू केलेल्या वेदनाशामक मलमाची जाहिरात पुलापाशी झळकत असे, तीवरून ते रूढ झाले. म्हणजे नाव पुलापेक्षा निदान तीस वर्षांनी लहान आहे. मूळ शब्दही वळण घेऊन आलेला : अंजन डोळ्यांत घालावयाचे, मलम कपाळी चोळावयाचे. घाटाच्या नावाचीही अशीच गत झाली. मराठीत ‘बोरघाट’, इंग्रजी कागदपत्रांत महाप्राण शिरून त्याचे ‘भोर’ झाले आणि पुष्कळांचा समज झाला की हा घाट भोर गावचा. भोर तर तेथून कितीतरी दक्षिणेस आहे. खोपोलीचे ‘कॅम्पूली’ करणाऱ्या लेखणीकडून याहून निराळी अपेक्षा करता येत नाही. परंतु मराठी लेखकांनीही ‘भोरघाट’ लिहावे, हे मात्र खटकते.

आता जागेवर पूल नाही, जाहिरातही नाही. दगडांची घडाई, चुन्याचा दर्जा, खांबांवरील दुरुस्तीच्या खुणा यांवरून जे पडताळता आले असते, ते राडारोड्याबरोबर गेले. नाव मात्र व्यवहारात टिकून आहे : वाहतुकीच्या बातम्यांत ‘अमृतांजन पुलाजवळ’ कोंडी झाल्याचे अजूनही लिहिले जाते.