नाथसागर : मातीचे धरण, उथळ जलाशय आणि पाण्याचा हिशेब

बीजशब्द : मातीचे धरण, जायकवाडी प्रकल्प, मृतसाठा, बाष्पीभवन, समन्यायी पाणीवाटप

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पाटबंधारे प्रकल्पांची चर्चा बहुधा त्यांच्या साठवणक्षमतेपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. किती अब्ज घनफूट अर्थात टीएमसी पाणी साठले आणि धरण किती टक्के भरले, या दोन आकड्यांवर वर्तमानपत्रे, लोकप्रतिनिधी आणि अभ्यासकही समाधान मानतात. परंतु जलाशयात साठलेले पाणी आणि शेतकऱ्याच्या शेतापर्यंत पोहोचणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांच्यातील अंतर केवळ प्रशासनाच्या कार्यक्षमतेवर अवलंबून नसून धरणस्थळाच्या भूरचनेतच त्याचे एक मूळ असते. गोदावरी नदीवरील पैठण येथील जायकवाडी धरण व त्याचा नाथसागर जलाशय यांच्या आधारे हे मूळ स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रकल्पाची पार्श्वभूमी

मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण भागास सिंचनाचा आधार मिळावा, या हेतूने हा प्रकल्प हाती घेण्यात आला. मूळ प्रस्ताव बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळचा होता. पुढे धरणाची जागा पैठणला निश्चित झाली, मात्र नाव जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. पैठण ही संत एकनाथांची भूमी, म्हणून जलाशयास नाथसागर हे नाव मिळाले. धरणाचा डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर व उजवा कालवा सुमारे १३२ किलोमीटर लांबीचा असून, सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर क्षेत्र सिंचनाखाली आणणे हे प्रकल्पाचे उद्दिष्ट होते.

मातीचेच धरण का?

सह्याद्रीच्या अरुंद, खडकाळ घळीत काँक्रीटची उंच व आखूड भिंत बांधता येते. पैठणजवळ मात्र गोदावरीचे खोरे सपाट व रुंद आहे. येथे पाणी अडवायचे तर भिंत फार उंच करून चालत नाही, ती लांब करावी लागते. जायकवाडी धरणाची लांबी जवळजवळ १० किलोमीटर, तर उंची सुमारे ४१ मीटर आहे. एवढ्या लांबीची भिंत संपूर्णपणे दगडी अथवा काँक्रीटची बांधणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. माती व मुरूम ही सामग्री मात्र परिसरातच उपलब्ध होती.

मातीच्या धरणाचे सर्वसाधारण अंतरंग असे असते : मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंस मुरमाड मातीचे कवच आणि पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अश्मपटल. गाभा पाणी अडवितो आणि कवच त्यास स्थैर्य देते. काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते, म्हणूनच ती आत झाकलेली ठेवावी लागते. गाभ्यातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक असते. त्या पाण्याबरोबर मातीचे कण वाहून जाऊ नयेत, यासाठी खालच्या बाजूस वाळूखडीची गाळणी असते.

मातीच्या धरणास पाझर सोसतो, परंतु माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. म्हणून पुराचे पाणी सोडण्यासाठी पक्क्या बांधकामाचा स्वतंत्र सांडवा आवश्यक ठरतो. जायकवाडीच्या सांडव्यास २७ दरवाजे आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पहिल्याच पावसाळ्यात पानशेतचे अपूर्ण अवस्थेतील मातीचे धरण फुटले व पुणे शहरात हाहाकार उडाला. मातीच्या धरणाच्या बाबतीत सावधगिरी किती मोलाची असते, याचा धडा महाराष्ट्राने त्या दिवशी घेतला. ही सावधगिरी नाथसागराच्या व्यवस्थापनातही द्विधा निर्माण करते. तुटीच्या प्रदेशात जलाशय शक्य तितका भरून घ्यावासा वाटतो, तर पुराची शक्यता लक्षात घेता काही जागा रिकामी ठेवावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये मोठा विसर्ग करावा लागला आणि पैठण शहरात पाणी शिरले, तेव्हा या द्विधेची तीव्रता प्रकर्षाने जाणवली.

उथळपणाचे अर्थशास्त्र

ज्या भूरचनेमुळे भिंत लांब झाली, तिच्यामुळेच जलाशयही पसरट झाला. नाथसागराची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी असून पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. भागाकार केल्यास सरासरी खोली जेमतेम सव्वाआठ मीटर येते. याउलट कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता जवळपास तेवढीच, सुमारे १०५ टीएमसी असली, तरी त्याचा विस्तार सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ तेवढ्याच पाण्यासाठी नाथसागराने तिप्पट जमीन व्यापली आहे. विस्थापितांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, नदीकाठची सुपीक जमीन मोठ्या प्रमाणावर पाण्याखाली गेली.

तिप्पट पृष्ठभाग म्हणजे बाष्पीभवनास तिप्पट वाव. पूर्ण विस्ताराच्या जलाशयातून पाण्याचा केवळ १ सेंटिमीटर जाडीचा थर उडून गेला, तरी ३५ लाख घनमीटर पाणी नाहीसे होते आणि ८ सेंटिमीटरचा थर म्हणजे जवळजवळ १ टीएमसी. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उघड्या पाण्यावरून वर्षभरात दीड मीटरहून अधिक थर उडून जातो. पाणी ओसरते तसा विस्तार घटतो, त्यामुळे प्रत्यक्ष घट पूर्ण विस्तारावरून काढलेल्या आकड्याहून कमी असते. तरीही ती अनेक टीएमसींच्या घरात जाते. शिवाय उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेले पाणी सर्वाधिक झिजते.

दुसरी मर्यादा मृतसाठ्याची होय. कालव्याच्या मुखाच्या पातळीखालील पाणी गुरुत्वाने कालव्यात उतरू शकत नाही. नाथसागरात असे पाणी ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे २६ टीएमसी आहे. एकूण क्षमतेचा चौथा हिस्सा यातच जातो. वृत्तपत्रांतील टक्केवारी ही उर्वरित २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे ‘शून्य टक्के’ याचा अर्थ जलाशय कोरडा असा होत नाही. त्याचप्रमाणे ‘शंभर टक्के’ याचा अर्थ १०२ टीएमसी पाणी सिंचनास उपलब्ध, असाही होत नाही.

उथळपणाचे काही लाभही आहेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर काठावरचे शेतकरी गाळपेर करतात. उथळ पाण्यात खाद्य विपुल असल्याने स्थलांतरित पक्षी येथे उतरतात. १९८६ मध्ये या परिसरास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

समन्यायी वाटप आणि टक्केवारीची मर्यादा

पैठणच्या वरच्या बाजूस नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा अशी अनेक धरणे आहेत. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) नुसार, तुटीच्या काळात खोऱ्यातील सर्व जलाशयांतील पाण्याची टक्केवारी, खरीप वापर धरून, ऑक्टोबरअखेर शक्यतो समान राखणे अभिप्रेत आहे. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालाने या तत्त्वास कार्यपद्धती दिली व जायकवाडीसाठी ६५ टक्क्यांची मर्यादा मांडली. त्यानंतर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न २०१५ आणि २०२३ सारख्या तुटीच्या वर्षांत तीव्र झाला.

या वादातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद एकाच भूरचनेतून निघतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वरचे शेतकरी म्हणतात की, सोडलेले पाणी वाटेत मुरते आणि पसरट जलाशयात उडून जाते. खालचे शेतकरी म्हणतात की, ऑक्टोबरमध्ये टक्केवारी समान असली, तरी एप्रिलमध्ये आमच्या हाती तुलनेने कमी उरते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. समान टक्केवारी हा न्यायाचा आरंभबिंदू ठरतो. परंतु खोल व उथळ जलाशयांतील समान टक्के म्हणजे समान उपयुक्त पाणी नव्हे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, नाथसागराचे मूल्यमापन साठवणक्षमतेऐवजी निव्वळ उपलब्धतेवर व्हावयास हवे. त्यासाठी उपयुक्त साठा, हंगामनिहाय बाष्पीभवन व कालव्याच्या शेवटच्या टोकाशी पोहोचलेले पाणी हे तिन्ही आकडे एकत्र मांडले जावेत. पिण्याच्या पाण्याची राखीव तरतूद केल्यानंतर उरलेले पाणी रब्बीतच वेळेवर देणे आणि लाभक्षेत्रातील विहिरींचा त्यास जोड देणे हे या जलाशयाच्या प्रकृतीशी सुसंगत ठरेल. उन्हाळ्यात भर पाणी मागणारा ऊस या प्रकृतीशी जुळत नाही. पाण्याचा वाद हा दोन प्रदेशांच्या अस्मितेचा विषय न राहता हिशेबाचा विषय व्हावा, यासाठी भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी आपापल्या महाविद्यालयाच्या परिसरातील धरणांचा असा ताळेबंद मांडण्याची नितांत आवश्यकता आहे.