कथा सांगणारे खेळ : पोरांनी पुढे काय खेळावे?

सुट्ट्या लागल्या की अमरावती असो की अकोला, आपल्या वस्त्यांमधून मायबापांची एकच तक्रार ऐकू येते. पोरगा मोबाईल सोडत नाही. अभ्यासिकेच्या किंवा वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही घरोघर जातो, तेव्हा माउल्या म्हणतात, "भाऊ, ह्या पोट्ट्याले तुम्हीच काही सांगा." आणि तो पोट्टा मात्र हळूच विचारतो, "काका, हा गेम संपला, आता पुढचा कोणता खेळू?"

मोबाईल फेकून दे, असे सांगणे सोपे आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, क्लासच्या नोट्स, परीक्षेचा निकाल, सारे त्याच मोबाईलवर येते. तेव्हा आईच्या तक्रारीचे उत्तर आम्ही पोराच्या प्रश्नातून देणार आहोत. चांगले काय खेळावे हे कळले, तर वाईट कोणते ते पोरे आपण होऊन ओळखतील.

खेळाखेळांतला फरक

सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत. पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी आणि तत्सम प्रकार म्हणजे निव्वळ जुगार. त्यात कित्येक कष्टकरी घरांचा पगार गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. भगवान बुद्धांनी मात्र हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. सिगालोवाद सुत्तात संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे सांगितली आहेत, त्यांत जुगार आहे. जुगाऱ्याचा शब्द सभेत कोणी मानत नाही आणि त्याला कोणी मुलगी देत नाही, इतके स्पष्ट तिथे सांगितले आहे. त्याच सहांमध्ये जत्रा-तमाशांचा नादही आहे, हेही विसरू नये. म्हणजे करमणूक चांगली असली तरी तिला वेळेचे कुंपण हवेच.

दुसरा प्रकार नुसत्या गोळीबाराचा. त्यातून हात चपळ होतो, पण डोक्याला खाद्य मिळत नाही. तिसरा प्रकार कथेच्या खेळांचा आणि आमची शिफारस त्याचीच आहे. सिनेमात नायक काय करणार हे आधीच ठरलेले असते. कथेच्या खेळात अनेकदा ते खेळणाराच ठरवतो, आणि जे ठरवले त्याचा परिणाम त्याला थोड्या वेळाने भोगावा लागतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाचा कर्मसिद्धांत गतजन्मीच्या पापपुण्याच्या कल्पनेपासून वेगळा काढला. कृती आणि तिचा परिणाम याच आयुष्यात पाहायचा असतो. चांगला कथेचा खेळ पोराला हेच दाखवतो. तिथे नशिबाला बोल लावून सुटका होत नाही.

कथा सांगून माणूस जागा करण्याची रीत आपल्याला नवी नाही. भीमराव कर्डकांचा जलसा आणि वामनदादा कर्डकांची गाणी ज्या समाजाने डोक्यावर घेतली, त्याने पडदा नवा आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही.

आमची निवड

१. नेव्हर अलोन (२०१४) : अलास्कातील इनुपियाक हे बर्फाळ प्रदेशातले आदिवासी. त्यांच्या भागातील आदिवासी संस्थेने आपली संस्कृती नव्या पिढीपर्यंत पोहोचावी म्हणून हा खेळ घडवून आणला. समाजातील वृद्ध आणि कथेकरी यांना सोबत घेऊन त्यांचीच लोककथा घेतली. नूना नावाची लहान मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा न थांबणाऱ्या वादळाचे मूळ शोधायला निघतात. निवेदन इनुपियाक भाषेतच आहे. खेळता खेळता त्या लोकांच्या जीवनावरचे छोटे माहितीपट पाहायला मिळतात. दोघांनी मिळून खेळता येतो. बहीणभावांनी एकत्र खेळावा.

२. व्हेन्बा (२०२३) : १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही कथा. व्हेन्बा ही आई. तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटली आहे, अक्षरे पुसली आहेत. खेळणाऱ्याने उरलेल्या खुणांवरून इडलीपासून एकेक पदार्थ जमवायचा. दरम्यान मुलगा मोठा होतो आणि त्याला आपल्या भाषेची, आपल्या डब्याची लाज वाटू लागते. परगावच्या वसतिगृहात गेल्यावर आडनाव सांगताना ज्यांचा आवाज खाली येतो, त्या आपल्या पोरापोरींना ही कथा परकी वाटणार नाही. दीड-दोन तासांत संपते. ही आईला शेजारी बसवूनच खेळावी. या खेळाला २०२४ साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

३. बरी मी, माय लव्ह (२०१७) : सीरियातील युद्धातून जीव वाचवून नूर नावाची तरुणी युरोपकडे निघाली आहे. नवरा मजद मागे राहिला आहे. खेळणारा म्हणजे तो मजद. फोनवर तिचे निरोप येतात आणि आपण उत्तर द्यायचे. बोटीत बसू की थांबू, दलालाला पैसे देऊ की नको? आपला सल्ला चुकला तर तिचा जीव जाऊ शकतो. कथेचे १९ वेगवेगळे शेवट आहेत. हा खेळ फोनसाठीच तयार केलेला आहे, तेव्हा संगणक नसलेल्या घरांनी याच्यापासून सुरुवात करावी. कामासाठी पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या माणसाच्या फोनची वाट पाहणे काय असते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

४. पेपर्स, प्लीज (२०१३) : आम्ही कारकुनी करतो म्हणून हा खेळ आम्हाला जवळचा. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून लोकांची कागदपत्रे तपासतो. नवराबायकोपैकी एकाचे कागद बरोबर, दुसऱ्याचे अपुरे. सोडले तर दंड आणि पगारात कपात, अडवले तर ताटातूट. संध्याकाळी पगाराचा हिशेब पुढे येतो : भाडे, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च, आजारी माणसाचे औषध. जातवैधता प्रमाणपत्रासाठी खिडकीपुढे उभे राहून थकलेल्या माणसाला खिडकीच्या आतली बाजू इथे दिसेल. आणि आत बसणाऱ्यांनी तर हा खेळ जरूर खेळावा.

५. धिस वॉर ऑफ माइन (२०१४) : युद्धाच्या खेळात आपण नेहमी सैनिक असतो. इथे आपण वेढा पडलेल्या शहरातील सामान्य नागरिक आहोत. अन्न नाही, औषध नाही, थंडी आहे. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचे अन्न चोरायचे की उपाशी झोपायचे? पोलंडमधील कंपनीने १९९२ ते १९९६ च्या सारायेव्होच्या वेढ्यावरून प्रेरणा घेऊन तो बनवला. २०२० मध्ये पोलंड सरकारने त्याचा शाळांच्या शिफारस यादीत समावेश जाहीर केला. खेळ मनाला फार लागणारा आहे, फक्त मोठ्यांसाठी.

६. राजी (२०२०) : हा आपल्या महाराष्ट्रातला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा. सर्कशीत काम करणारी अनाथ मुलगी राजी आपल्या पळवून नेलेल्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघते. चित्रे सुंदर आहेत आणि एक गरीब मुलगी नायिका आहे, हे कौतुकास्पद. जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांमध्ये त्याला नामांकनही मिळाले. परंतु कथा देवदेवतांची आहे आणि खलनायक, नेहमीप्रमाणे, असुर. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत पोराने तो खेळू नये, असे आम्ही म्हणत नाही. खेळून झाल्यावर त्याला एवढेच विचारावे : यात असुरांची बाजू कोण मांडतो? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून हाच प्रश्न विचारला होता आणि बळीराजाला त्याची जागा परत दिली होती. कथा ज्याच्या हातात, खलनायक तोच ठरवतो.

कसे खेळावे

या खेळांतला मजकूर इंग्रजीत असतो. त्याची भीती नको, उलट फायदा घ्यावा. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा, आणि काय करायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवावे. असे चार दिवस खेळले की पोरांचे इंग्रजी वाचन सुधारते आणि आजीलाही कथा कळते. दिवसाला एक तास पुरे. परीक्षेच्या काळात बंद. तिसरा, चौथा आणि पाचवा खेळ मोठ्या मुलांसाठी आहेत, तेव्हा पालकांनी आधी स्वतः पाहावेत. खेळ विकत घेताना एकदाच पैसे द्यावे लागतात की आत शिरल्यावर पुन्हा पुन्हा मागतात, हे तपासावे. घरी संगणक नसेल, तर विहाराच्या वाचनालयातील संगणकावर रविवारी दोन तास सामुदायिक खेळ ठेवता येईल.

आपली कथा कोण सांगणार?

आता मुद्द्याची गोष्ट. वरच्या यादीत इनुपियाक आहेत, तमिळ आई आहे, सीरियाची निर्वासित स्त्री आहे. आपण नाही. इनुपियाकांनी कोणी येऊन आपली कथा सांगेल याची वाट पाहिली नाही. आपल्याकडे कथांची कमतरता आहे काय?

डिसेंबर १९२७, महाड. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर हल्ले झाले होते. आता हजारो लोक पुन्हा सत्याग्रहाच्या तयारीने आले आहेत आणि कोर्टाचा मनाई हुकूम हातात पडला आहे. हुकूम मोडायचा की पाळायचा? बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, कोर्टात लढा दिला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षांनी परिणाम दाखवणारा असा निर्णय दुसऱ्या कोणत्या खेळात आहे? त्याच १९२७ साली आपल्या अमरावतीतही अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता. त्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या साध्या माणसांपुढे कोणते पर्याय होते, हे आज आजोबा-आजींकडून ऐकून ठेवलेल्या लोकांना विचारले पाहिजे. उशीर झाला तर सांगणारे उरणार नाहीत.

यासाठी मोठी कंपनी लागत नाही. ट्वाइन नावाचे मोफत साधन आहे. त्यात प्रोग्रामिंग न शिकता, मराठीत मजकूर लिहून, "असे केले तर हे, तसे केले तर ते" अशी फांद्या फुटणारी कथा रचता येते. तेही नसेल तर दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक प्रसंगाखाली लिहावे, अमुक ठरवल्यास पान १२ उघडा, तमुक ठरवल्यास पान २०. खेळ तयार.

येत्या १४ एप्रिलच्या वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांबरोबर वस्तीवस्तीतील मंडळांनी अशा कथा-खेळाची एक स्पर्धा ठेवावी, असे आम्ही सुचवतो. बक्षीस म्हणून वह्या-पुस्तके दिली तरी चालेल. अकोल्याच्या एखाद्या पोरीने रचलेला चवदार तळ्याचा खेळ उद्या दुसऱ्या देशातले मूल खेळेल आणि मनाई हुकूम हातात घेऊन विचारात पडेल. त्या दिवशी "पुढचा कोणता खेळू?" या प्रश्नाला आपल्याकडे आपले उत्तर असेल.

जय भीम!