शिबिराच्या फोटोबाहेरची पोरं

हिवाळा आला की परभणीच्या बातमीदारांच्या फोनवर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचे फोटो येऊ लागतात. गाव सेलूकडचं असो की पालमकडचं, चौकट ठरलेली. मधोमध पाहुणे, हातात कोरा झाडू, मागे टोप्या घातलेली पोरं-पोरी. सोबतच्या प्रेसनोटमध्ये उद्घाटक, सरपंच, प्राचार्य नावानिशी, आणि शेवटी एकच ओळ: यशस्वितेसाठी स्वयंसेवकांनी परिश्रम घेतले.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. झोपायला बहुधा शाळेचा वर्ग आणि सतरंजी. स्वयंपाकाची पाळी असलेला गट थंडीत सगळ्यांच्या आधी उठतो.

एका शिबिरात शोषखड्डे खणायचे होते. पाहुण्यांनी पहिली कुदळ मारली ती रस्त्याकडेच्या मऊ मातीत, कारण तिथं फोटोला उजेड चांगला होता. खरे खड्डे घरांच्या मागे, न्हाणीच्या चिखलात. गाडी गेल्यावर पोरं तिकडं वळली. त्यांच्यात सुट्टीत रोजंदारीला जाणारा एक होता. खाली मोठे दगड, वर बारीक खडी, असे थर कसे लावायचे ते तोच इतरांना दाखवत होता. छापलेल्या फोटोत त्याच्या टोपीचं टोक तेवढं दिसलं.

सर्वेक्षणाला घरोघर फिरणाऱ्या मुली तर फोटोत येतच नाहीत. फॉर्मवरचे प्रश्न संपले की बायका मोकळ्या होतात. ऊसतोडीला निघताना लेकरं कुणाजवळ ठेवायची, शाळेचं काय करायचं, हे तेव्हा कळतं. एका मुलीनं ते सगळं रात्री वहीत उतरवून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आली ती विद्यार्थिनींची आकर्षक रांगोळी. मला याचा मनापासून राग येतो. गावात जाऊन माणसांचं ऐकून आलेल्या मुलीला आपण सजावटीचं सामान करून टाकतो.

तरुणांना सजावट न मानण्याची परंपराही आपल्याकडे आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानं त्यांना रंगमंच दिला, बोलायला लावलं. निळू फुले, राम नगरकर हे अभिनेते त्याच मुशीतले. शिबिरातल्या संध्याकाळच्या पथनाट्यात आजही तो जोर असतो. पोरं आपल्या बोलीत लिहितात, आणि पारावर बसलेली म्हातारी माणसं मधेच उठून उत्तर देतात. पण ही संध्याकाळ बातमीत येत नाही, कारण प्रेसनोट दुपारीच गेलेली असते.

प्रेसनोट रात्री पाठवा. आणि लिहायचं काम वहीवाल्या मुलीकडे द्या, खाली तिचं नाव घालून.