दरीत खांब नाही, तर पूल उभा कशावर?

गणेशपुरीजवळच्या तानसेसारख्या नदीवर पूल बांधायचा, तर पात्रात खांब घेता येतात. जम्मू-काश्मीरमधली चिनाब मात्र खोल दरीतून वाहते. तिथे रूळच नदीपासून ३५९ मीटर उंचीवर आहेत. अशा जागी कमान कामाला येते. गाडीचं आणि पुलाचं वजन कमानीतून दाबाच्या रूपाने दोन्ही टोकांकडे जातं आणि काठावरचा कातळ ते पेलतो.

नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाच्या देखरेखीखाली ४६७ मीटर गाळ्याची ही पोलादी कमान उभी राहिली. दोन्ही काठांवरून एकेक भाग जोडत, केबलनी मागे ताणून धरत दोन अर्ध्या कमानी पुढे सरकल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये जुळल्या. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्याजवळची कमानही १९०५ मध्ये अशीच दोन्ही काठांवरून जोडली होती.

जुळणीच्या वेळी तापमानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. शंभर मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं, की सुमारे १२ मिलिमीटर वाढतं. एवढ्यानेही बोल्टची भोकं समोरासमोर येत नाहीत.

६ जून २०२५ रोजी चिनाब पुलाचं उद्घाटन झालं. कोकणातल्या दऱ्याखोऱ्यांत रेल्वे नेणाऱ्या संस्थेने हे काम तडीस नेलं, याचा अभिमान बाळगायला हवा.